एकाच पार्टची पाच मापं: डिझाइन टेबल, कॉन्फिगरेशन की वेगवेगळ्या फाइल्स?

अर्धवर्तुळ

मंडळी, एक बेअरिंग हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) बनवतोय. पार्ट साधाच आहे: गोल फ्लँज (तळाची चकती), त्यावर गोल बॉस (वर आलेला दंडगोल), मधे बेअरिंगचा बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) आणि फ्लँजला ॲलन बोल्टची चार भोकं. ६२०४ ते ६२०८ अशा पाच बेअरिंगांसाठी पाच हाउसिंग हवीत. ६२०५ चं मॉडेल तयार आहे. आता 'सेव्ह ॲज' करून प्रत्येकात मापं बदलत बसू, की एकाच फाइलमधून पाचही निघतील? काम सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमधे करतो. कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधले वेगवेगळे आकार) थोडंफार वापरलंय, डिझाइन टेबलला (त्या आकारांची मापं भरायचा एक्सेल तक्ता) हात लावलेला नाही. ६२०५ वर सरळ 'स्केल' मारावं असंही एकदा मनात आलं. हसू नका.

मायक्रॉन

हसत नाही, पण स्केल विसरा. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२, ६२०८ चा ८०. म्हणजे गुणक साधारण १.५४. बोअर बरोबर ८० येईल, खरंय. पण बेअरिंगची रुंदी १५ ची २३ होईल आणि ६२०८ ची खरी रुंदी आहे १८. एम६ (६ मिमीच्या) बोल्टसाठी ठेवलेलं ६.६ चं भोक १०.१५ होईल. एम८ ला ९ लागतं, एम१० ला ११. हे मधलंच भोक कोणत्या बोल्टचं? वजन साडेतीनपटीच्या वर जाईल ते वेगळंच. साच्यासाठी कास्टिंगची आकुंचन-सूट द्यायची असेल तेव्हा स्केल कामाचं. मापांची रेंज काढायला नाही.

त्रिज्या

सॉफ्टवेअर बंद करा आणि कागद घ्या. ६२०५ मधलं एकेक माप लिहून त्याच्यापुढे ते कुठून आलं ते लिहा. साध्या पार्टलासुद्धा अर्धा तास लागतो, पण डिझाइन टेबलची सगळी अक्कल त्या कागदावर असते. पुढचं काम कारकुनी.

काही मापं बाहेरून येतात, त्यांवर आपली सत्ता नाही. तुमच्या पार्टमधे ती बेअरिंगची (बाहेरचा व्यास × रुंदी, मिमीत):

६२०४: ४७ × १४
६२०५: ५२ × १५
६२०६: ६२ × १६
६२०७: ७२ × १७
६२०८: ८० × १८

रुंदी एकेकाने वाढते, पण व्यास ५, १०, १०, ८ असा उड्या मारत जातो. याला सूत्र नाही आणि शोधूही नका. शाफ्टच्या मापाला 'शेवटचे दोन आकडे गुणिले पाच' हा नियम लागतो, तोही ०४ पासून पुढेच. ००, ०१, ०२, ०३ ला १०, १२, १५, १७ असतात. स्टँडर्डमधून आलेलं माप टेबलातच टाईप करायचं. ॲलन बोल्टचं डोकं बघा: उंची सरळ बोल्टच्या व्यासाइतकी, पण डोक्याचा व्यास एम६ ला १०, एम८ ला १३, एम१० ला १६, एम१२ ला १८. 'डोकं = १.६ × बोल्ट' असं समीकरण लिहिणारे लोक मी पाहिलेत. एम१० ला ते जुळतं आणि तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसतो.

काही मापं दुसऱ्या मापांतून निघतात. बॉसचा बाहेरचा व्यास = बेअरिंगचा व्यास + दोन वेळा भिंतीची जाडी. पीसीडी (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) बॉसवरून, फ्लँज पीसीडीवरून. इथे समीकरण हवंच, हाताने आकडा टाकायचा नाही.

आणि काही मापं पाचही आकारांत तीच राहतात: चॅम्फर (तिरपी कापलेली कड), फिलेट (कोपऱ्याला दिलेली गोलाई), कडा मोडणं. त्यांना टेबलात जागाच देऊ नका. टेबल जितकं अरुंद तितकं बरं. सगळीच मापं टेबलात ओतली की सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही की कुठलं माप कुणाला चालवतंय.

अर्धवर्तुळ

हे पटलं. कागदावर मांडलं ते असं:

भिंत: ६२०४ आणि ६२०५ ला ८, पुढच्या तिघांना १०
बोल्ट: पहिल्या दोघांना एम६, पुढे एम८
पीसीडी = बॉस + डोक्याचा व्यास + ४ (दोन्ही बाजूंना २-२ मोकळे)
फ्लँज = पीसीडी + ३ × बोल्ट
बॉसच्या पायथ्याशी फिलेट: ३, कायम

६२०५ साठी बॉस ६८, पीसीडी ८२, फ्लँज १०० येतं. बरं दिसतंय.

मायक्रॉन

बॉसच्या पायथ्याशी फिलेट ३ चा आणि डोकं बॉसपासून २ वर. मग डोकं फिलेटवर चढणार. स्क्रीनवर कळणारही नाही, कारण तुम्ही बोल्ट मॉडेलमधे टाकलेला नसणार. पीसीडीच्या सूत्रात फिलेट आलाच पाहिजे: बॉस + डोकं + २ × फिलेट + १. उद्या कुणी फिलेट ५ केला तर पीसीडी आपोआप सरकेल. मापाचं नातं नुसत्या आकड्यात लिहिलं की कारण हरवतं, तुमच्या '४' मधे तेच झालंय.

दुसरं, वॉशर घालणार आहात का? साधा वॉशर एम६ ला १२ व्यासाचा, एम८ ला १६. डोक्यापेक्षा मोठा. वॉशर असेल तर सूत्रात डोक्याऐवजी तोच घ्या. आणि ॲलनऐवजी षटकोनी बोल्ट आला तर बॉक्स पान्याच्या बाहेरच्या व्यासाला जागा लागेल, ती आणखी जास्त.

त्रिज्या

+१. म्हणूनच टेबलात 'डोकं' असा कॉलम ठेवू नका, 'बैठक व्यास' ठेवा. त्यात डोकं असो, वॉशर असो की पाना, आकडा बदलला की काम झालं. सूत्राला हात लावायला नको.

जुनाफाइलवाला

सगळे एका सुरात बोलताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. पाच मापं, पाच फाइल्स. 'सेव्ह ॲज' करा, मापं बदला, तासाभरात काम संपलं. एकाच फाइलमधे पाच पार्ट कोंबले की काय होतं? ६२०७ ला कुणीतरी ऑइलचं भोक मागतं, तुम्ही फाइल उघडता, त्यामुळे बाकी चौघांचीही फाइल 'बदलली'. ज्यांची ड्रॉइंग्ज मंजूर होऊन शॉपवर गेलीत, त्यांचंही रिव्हिजन (आवृत्ती क्रमांक) हलवायचं का? डेटा व्हॉल्टमधे (फाइल्सच्या सामायिक कोठारात) फाइल एकाने चेक-आउट केली (बदलायला घेतली) की बाकीचे चार आकार इतरांना बंद. आणि बदल करताना 'या कॉन्फिगरेशनपुरता' ऐवजी 'सगळ्या कॉन्फिगरेशनना' राहून गेलं, की मंजूर झालेले चारही पार्ट गपचूप बदलतात. वेगळ्या फाइलमधे हा धोका मुळातच नाही.

त्रिज्या

मुद्दे खरे आहेत. रिव्हिजनचा तर फार खरा. ज्या पार्टची मापं एकदा ठरली की हलत नाहीत (बोल्ट, वॉशर, स्पेसर, पिन, बुश) त्यांना एक फाइल. ज्यांचं आयुष्य पुढे वेगवेगळं जाणार, एकाला भोक तर दुसऱ्याला रिब, त्यांच्या फाइल्स आज ना उद्या वेगळ्या कराव्याच लागतात.

पण 'तासाभरात काम संपलं' हे मान्य नाही. ते काम तेव्हा संपत नाही, पाच ठिकाणी सुरू होतं. मायक्रॉननी वर फिलेटची चूक दाखवली. ती पाच फाइल्समधे सुधारायची, आणि चौथीत विसरलं नाही ना हे कोण बघणार? शिवाय असेंब्लीत ६२०५ च्या जागी ६२०७ टाकायचं असेल तर कॉन्फिगरेशनमधे नुसतं यादीतून निवडायचं. पृष्ठभाग तेच असल्याने मेट (पार्ट एकमेकांना जोडणारी नाती) टिकतात. वेगळी फाइल 'रिप्लेस' केली की मेट तुटले का ते एकेक तपासा.

'सगळ्या कॉन्फिगरेशनना' च्या धोक्यावर मात्र उपाय आहे. डिझाइन टेबलच्या सेटिंगमधे मॉडेलमधून होणारे बदल अडवा. मग टेबलात असलेलं माप मॉडेलवर डबल क्लिक करून बदलताच येत नाही, ते टेबलातूनच बदलावं लागतं.

जुनाफाइलवाला

अडवल्यावर लोक ती सेटिंग काढतात हो. मी काढणाऱ्यांतलाच. पण बुश-स्पेसरबद्दल मान्य.

अर्धवर्तुळ

माझी हाउसिंग ठरलेलीच राहणार आहेत, ऑइलचं भोक वगैरे नाही. एकाच फाइलवर जातो. आता टेबल प्रत्यक्ष कसं मांडायचं ते कुणी सांगेल का?

पायथाआणिशिखर

सॉलिडवर्क्सपुरतं सांगतो.

आधी नावं द्या. मापं 'डी१', 'डी२' आणि फीचर 'बॉस-एक्सट्रूड१' अशीच ठेवून टेबल करायला बसलात तर हेडर वाचून काही बोध होणार नाही. मापावर क्लिक केलं की डाव्या पॅनेलमधे नाव बदलता येतं. हेडर 'माप@फीचर' किंवा 'माप@स्केच' अशा रूपात असतं, त्यामुळे 'बोअर@सीट' असं वाचता आलं तर अर्धं काम झालं.

मग इन्सर्ट मेनूतून डिझाइन टेबल. रिकामं घ्या, किंवा 'ऑटो-क्रिएट' घेतलंत तर निवडलेली मापं तो स्वतः भरतो. मशीनवर एक्सेल असावं लागतं. पहिल्या ओळीत शीर्षक, दुसऱ्या ओळीत हेडर, तिसऱ्यापासून खाली डाव्या कॉलमात कॉन्फिगरेशनची नावं. हेडर टाईप करू नका. रिकाम्या हेडर सेलवर उभे राहा आणि मॉडेलमधल्या मापावर डबल क्लिक करा, नाव आपोआप येतं. टाईप करताना एक अक्षर चुकलं की तो कॉलम नुसता पडून राहतो.

मापांशिवाय इतर गोष्टीही टेबलात येतात. फीचर एका आकारात हवं आणि दुसऱ्यात नको असेल तर 'स्टेट' चा कॉलम, त्यात एस म्हणजे सप्रेस, यू म्हणजे अनसप्रेस. पॅटर्नमधल्या भोकांची संख्या हेही एक मापच: मोठ्या आकारांना चारऐवजी सहा भोकं हवी असतील तर दुसरं फीचर काढू नका, आकडा बदला. पार्ट नंबरचाही कॉलम ठेवा, नाहीतर बॉममधे (लागणाऱ्या पार्टच्या यादीत) पाचही हाउसिंग एकाच फाइलनावाने उतरू शकतात आणि खरेदीवाला वैतागेल.

टेबल म्हणजे साक्षात एक्सेल आहे हे लोक विसरतात. बैठक व्यास, भिंत हे आकडे बाजूच्या शीटवर किंवा टेबलाखाली रिकामी ओळ सोडून ठेवा आणि पीसीडीचा सेल सूत्राने भरा. मात्र एकाच मापाला मॉडेलमधलं समीकरण आणि टेबल असे दोन मालक देऊ नका. सूत्रं एक तर सगळी एक्सेलमधे, नाहीतर सगळी मॉडेलच्या समीकरणांत. निम्मी इकडे निम्मी तिकडे केलीत की काय कुठे बदलायचं हे शोधण्यातच दिवस जातो.

गेजब्लॉक

मी तपासणीच्या टेबलावरून बोलतो. तुमच्या सुधारलेल्या सूत्रातून ९८, १०३, १२६ असली फ्लँजची मापं बाहेर पडतील. कुणी अडवत नाही, पण ती गोल करा. एक्सेलमधे सीलिंग फंक्शन आहे, पाचच्या पटीत वर ढकला. आधी पीसीडी गोल करा आणि मग गोल झालेल्या पीसीडीवरून फ्लँज काढा. उलटं केलंत तर कडेचं अंतर कमी भरेल.

दुसरं, बोअरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक). एच७ हा प्रमाणित टॉलरन्स असेल तर ४७ ला +०.०२५ आणि ५२ ला +०.०३०. व्यासाचा पट्टा ५० ला बदलतो. ६२०५ च्या मॉडेलमधे टॉलरन्स आकड्यात टाईप केलेला असेल तर ६२०४ वरही ०.०३० छापलं जाईल आणि सैल बोअर पास होईल. मापाचा टॉलरन्स 'फिट' प्रकारात ठेवा, एच७ निवडा. आकडे व्यासानुसार बदलतील.

बेअरिंग ज्या खांद्यावर टेकतं त्याचा आतला व्यास कागदावर दिसत नाही. तो बेअरिंगच्या कॅटलॉगमधून घ्या, 'बोअर वजा इतके' असं लिहू नका. खांदा फार आत आला तर सीलला किंवा आतल्या रिंगला घासतो.

मुक्तछंदी

फ्रीकॅड हे मोफत कॅड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. तिथे स्प्रेडशीट वर्कबेंच आहे. सेलला 'उपनाम' द्यायचं आणि स्केचमधल्या मापाच्या सूत्रात ते वापरायचं. उपनाम सेलच्या पत्त्यासारखं किंवा एककासारखं चालत नाही, त्यामुळे 'बी२' किंवा 'एमएम' नको. स्प्रेडशीटमधे कॉन्फिगरेशन टेबलची सोय आहे: एका ओळीत एक आकार, आणि वरच्या यादीतून निवडलं की ती ओळ मॉडेलला लागते. नोव्हेंबर २०२४ मधे आलेल्या १.० आवृत्तीत 'व्हारसेट' (मापांचा छोटा संच) आलं, थोडीच मापं असतील तर स्प्रेडशीटचीही गरज नाही. त्याच आवृत्तीत पृष्ठभागांची नावं बदलून फिलेट भलत्याच कडेवर जाण्याचा जुना त्रासही बराच कमी झाला. आकार बदलताना मॉडेल मोडायचं ते बहुतेक वेळा त्यानेच.

पायथाआणिशिखर

बाकीच्या कॅड सॉफ्टवेअरचंही थोडक्यात सांगतो. क्रिओमधे याला फॅमिली टेबल म्हणतात: एक जेनेरिक आणि खाली इन्स्टन्स. सेलमधे तारांकन म्हणजे जेनेरिकचंच मूल्य. तिथलं 'व्हेरिफाय' फार गुणी आहे, सगळे इन्स्टन्स रीजनरेट करून कोणता पडला ते सांगतं. इन्व्हेंटरमधे आयपार्ट, जो प्रत्येक आकाराची वेगळी फाइल डिस्कवर काढून देतो. म्हणजे जुनाफाइलवाला यांचंही समाधान. २०२२ पासून तिथे मॉडेल स्टेट्सही आहेत, ते एकाच फाइलमधे राहतात. एनएक्समधे पार्ट फॅमिली, कॅटियात डिझाइन टेबल. नावं वेगळी असली तरी त्रिज्या यांचा कागद सगळीकडे तोच लागतो.

नवशिका

अवांतर प्रश्न. बेअरिंगची मापं बाहेरून येतात, ते कळलं. पण ज्या पार्टला असं काही बाहेरचं बंधनच नाही, म्हणजे साधा ब्रॅकेट किंवा टाकी, त्याचे किती आणि कोणते आकार काढायचे हे कसं ठरवतात?

मायक्रॉन

अवांतर कसलं, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. १८७० च्या दशकात शार्ल रेनार नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनियरपुढे बलूनच्या दोरांची ४२५ मापं होती. त्यांनी ती १७ वर आणली. युक्ती अशी: मापं सारख्या फरकाने न वाढवता सारख्या गुणकाने वाढवायची. दहापर्यंत पाच पायऱ्यांत जायचं तर १, १.६, २.५, ४, ६.३, १०. दहा पायऱ्या हव्यात तर १, १.२५, १.६, २, २.५, ३.१५, ४, ५, ६.३, ८, १०. आयएसओ ३ या आंतरराष्ट्रीय मानकात या मालिका दिल्या आहेत. १०, २०, ३०, ४० असे आकार काढलेत तर खाली एकदम दुप्पट उडी आणि वर ९० चा १००, जो फरक कुणालाच नको असतो. कॉन्फिगरेशन फुकट मिळतं म्हणून लोक पंचवीस ओळी भरतात, आणि मग प्रत्येकीचा पार्ट नंबर आणि स्टॉक सांभाळत बसतात.

अर्धवर्तुळ

सगळ्यांचं ऐकून टेबल केलं. वॉशर घेतला, पीसीडी आणि फ्लँज पाचच्या पटीत वर ढकलले:

६२०४: बोअर ४७, बॉस ६३, पीसीडी ८५, फ्लँज १०५, एम६
६२०५: बोअर ५२, बॉस ६८, पीसीडी ९०, फ्लँज ११०, एम६
६२०६: बोअर ६२, बॉस ८२, पीसीडी १०५, फ्लँज १३०, एम८
६२०७: बोअर ७२, बॉस ९२, पीसीडी ११५, फ्लँज १४०, एम८
६२०८: बोअर ८०, बॉस १००, पीसीडी १२५, फ्लँज १५०, एम८

पाचही कॉन्फिगरेशन एररशिवाय रीबिल्ड झाली. तपासणी संपली म्हणायची का?

त्रिज्या

एरर नाही म्हणजे भूमिती बनली, एवढंच. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकार उघडून सेक्शन घ्या. लोक इथेच थांबतात, पण तुमच्या टेबलात खरी गडबड ६२०५ आणि ६२०६ च्या मधे होऊ शकते, कारण भिंत आणि बोल्ट दोन्ही तिथे एकदम बदलतात. जिथे नियम उडी मारतो त्याच्या दोन्ही बाजू तपासा. पाचही आकारांत बोल्ट आणि वॉशर बसवून इंटरफिअरन्स चेक (पार्ट एकमेकांत घुसतात का ती तपासणी) चालवा. आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा, ६२०८ वरून थेट ६२०४ वर जा. काही मॉडेल्स एकेक पायरी चढताना नीट वागतात आणि मोठ्या उडीत एखादं स्केच उलटं फिरतं.

अर्धवर्तुळ

स्केच फिरलं नाही, पण ६२०८ मधे भोकांपैकी एक नेमकं फ्लँजवरच्या कोरलेल्या नंबरावर आलं. भोकांचा पहिला कोन ४५ अंशांवर नेला. शेवटचं विचारतो: ड्रॉइंग एकच काढून खाली मापांचा तक्ता देऊ, की पाच वेगळी?

जुनाफाइलवाला

पाच वेगळी. हे तरी ऐका.

गेजब्लॉक

यांच्याशी सहमत, आणि कारण साधं आहे. तक्त्यावर 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरं असली की मशीनवरचा माणूस ओळ चुकतो, विशेषतः ६२०६ आणि ६२०७ सारख्या शेजाऱ्यांत. ड्रॉइंग कॉन्फिगरेशनला जोडलेलंच असतं, शीट कॉपी करून व्ह्यूचं कॉन्फिगरेशन बदललं की पुढचं तयार. वॉशर-स्पेसर असते तर तक्ता चालला असता. इथे बोअरला एच७ आहे, तर प्रत्येक शीटवर कंसात आकडेही छापा: ६२०४ वर +०.०२५, बाकी चौघांवर +०.०३०, खालची मर्यादा सगळीकडे शून्य.

अर्धवर्तुळ

पाच शीट करतो. बॉममधे पार्ट नंबर टेबलाच्या कॉलमातूनच उचललेत, ते बरोबर येतायत. खांद्याचा व्यास कॅटलॉगमधून घेऊन तोही टेबलात घातला.

पायथाआणिशिखर

फाइल फार जड झाली तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधे 'रीबिल्ड/सेव्ह मार्क' बघा. तो लावलेल्या प्रत्येक आकाराची पूर्ण भूमिती फाइलमधे साठते. उघडायला वेग मिळतो, साइझ वाढते. पाचच आकार आहेत, सगळ्यांना लावलात तरी चालेल.